उत्तरेच्या वेशीतून रोम

सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत उत्तर युरोपातून रोमला आलेल्या प्रवाशांची वर्णने वाचू लागले, की एकच जागा पुन्हा पुन्हा भेटते. मिल्व्हियो पुलावरून टायबर ओलांडायची, फ्लामिनिया रस्त्याने सरळ पोपोलो वेशीपाशी यायचे आणि आत शिरताच समोर मोठा चौक. मधोमध इजिप्तहून आणलेला दगडी सुळका, पलीकडे दोन जुळी चर्चे आणि त्यांच्या आजूबाजूने व मधून शहरात घुसणारे तीन सरळ रस्ते. जर्मन कवी गटे २९ ऑक्टोबर १७८६ रोजी याच वेशीतून आला. वेशीखाली पोचल्यावरच रोम आता खरोखर हाती आले अशी आपली खात्री पटली, असे त्याने लिहून ठेवले आहे. असे उद्गार आपण प्रवाशाच्या मनातून आपसूक उमटलेले समजतो. माझ्या मते ते तसे नव्हते. पाहुण्याच्या नजरेला काय पडावे, हे पोपच्या राजवटीने शतकभर आधीच ठरवून ठेवले होते. आणि तेही वैभवाच्या भरात नव्हे, सत्ता हातची निसटत असताना.

१६५५ मध्ये पोप झालेल्या सातव्या अलेक्झांडरचा पूर्वेतिहास इथे महत्त्वाचा आहे. तीस वर्षांच्या युद्धाचा शेवट करणाऱ्या वाटाघाटींत हाच फाबिओ किजी पोपचा वकील म्हणून म्युन्स्टरला बसला होता. १६४८ च्या त्या तहात युरोपातल्या राजांनी पोपचा निषेध जुमानला नाही, आणि हे किजीने डोळ्यांनी पाहिले. तो गादीवर आला त्याच वर्षी स्वीडनची माजी राणी क्रिस्टिना कॅथलिक होऊन रोमला निघाली. ज्या गुस्टाव्हस अडॉल्फसने प्रोटेस्टंटांच्या बाजूने लढताना प्राण दिला, त्याची ही मुलगी. इतका मोठा विजय दारात चालून येत असताना दार साधे ठेवून कसे चालेल? वेशीची आतली बाजू शिल्पकार बर्निनीकडून सजवून घेतली गेली, वर किजी घराण्याचे डोंगर आणि तारा कोरला गेला, त्याखाली सुखाच्या व शुभ प्रवेशाची इच्छा करणारा लेख आला. राणी खरे तर २० डिसेंबरच्या रात्रीच गाजावाजा न करता येऊन पोचली होती. तरी २३ तारखेला तिचा समारंभपूर्वक प्रवेश झालाच, कारण तो सर्वांनी पाहणे हाच त्याचा हेतू होता. लेख आतल्या बाजूला आहे, मग आत येणाऱ्याची त्याकडे पाठच होणार, असे कोणी म्हणेल. पण चौकात जमलेल्या गर्दीला मिरवणूक दिसे ती त्याच लेखाखालून येताना.

याहून बोलका पुरावा त्या जुळ्या चर्चांचा. वास्तुकार कार्लो रायनाल्दीने १६६२ मध्ये काम हाती घेतले तेव्हा तीन रस्त्यांमधल्या दोन जागा सारख्या नव्हत्या; डावीकडची अरुंद होती. म्हणून उजवीकडच्या चर्चचा घुमट गोल आणि डावीकडच्याचा लांबट, अंडाकार झाला. चौकातून पाहिले तर दोन्ही एकसारखे दिसतात. आत जाऊन वर पाहिले, की फरक कळतो. प्रार्थनेला येणाऱ्यासाठी घुमट जुळे असण्याची काहीच गरज नव्हती. ते जुळे दिसायला हवे होते वेशीतून पहिले पाऊल टाकणाऱ्याला.

ही मांडणी काय झाकत होती, तेही पाहिले पाहिजे. प्राचीन तटाचा घेर सुमारे १९ किलोमीटर, पण सतराव्या शतकात आतली वस्ती लाखाच्या आसपासच. पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे तटाच्या आत द्राक्षमळे, कुरणे आणि पडके अवशेष पसरलेले. दक्षिणेच्या वेशीने येणाऱ्याला ते सारे तुडवत यावे लागे. उत्तरेकडून येणारा मात्र थेट भरवस्तीत उतरे, आणि डावा रस्ता त्याला परदेशी लोकांच्या मुक्कामाच्या स्पॅनिश चौकाकडे नेई. रिचर्ड क्राउटहायमर या इतिहासकाराने अलेक्झांडरच्या बांधकामांमागे परदेशी पाहुण्यांपुढे रोमची पत राखण्याचा हेतू पाहिला आहे. मला तो पटतो.

यावर आक्षेप येतात. हा चौक एका डोक्यातून निघालेला नाही, हे खरेच आहे. तीन रस्ते सोळाव्या शतकातल्या वेगवेगळ्या पोपांच्या काळात आकाराला आले, सुळका पाचव्या सिक्स्टसने १५८९ मध्ये उभारला, आणि चौकाला आजचे रूप वास्तुकार वालादिएने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दिले. पण आलेल्या प्रत्येकाने आधीच्याचे काम मोडून न टाकता त्याच दिशेने पुढे नेले. एकट्याच्या हौसेपेक्षा हे मला अधिक ठाम धोरण वाटते. दुसरा आक्षेप इंग्रज कादंबरीकार डिकन्सचा. ३० जानेवारी १८४५ रोजी तो याच वेशीतून पावसाचिखलात आला आणि सामान्य दुकाने-घरे पाहून निराश झाला. मग मांडणी फसली का? त्याची निराशा मला उलट साक्ष वाटते. मनात अमुक एक रोम घेऊन आल्याशिवाय माणूस असा हिरमुसत नाही. आणि ते रोम आधीच्या प्रवाशांच्या पुस्तकांनी व चित्रांनी घराघरांत पोचवले होते. तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करतो. मोंते मारिओ उतरून येणारे गरीब यात्रेकरू, चिव्हितावेक्कियाच्या बंदरातून येणारे लोक, गुरे हाकत येणारे धनगर यांच्या डोळ्यांपुढे हा देखावा आलाच नाही. पहिल्या दर्शनाच्या इतिहासात पैसेवाल्या उत्तरेकडच्यांचाच आवाज मोठा आहे.

ही व्यवस्था मोडली ती आगगाडीने. १८६० च्या दशकात तेर्मिनी स्थानक उभे राहू लागले ते पूर्वेला, मळ्यांच्या आणि बागांच्या भागात, म्हणजे पोपोलो वेशीने ज्या रोमकडे पाठ फिरवली होती नेमके तिथे. १८७० मध्ये शहर पोपच्या हातून इटलीच्या राजाकडे गेले. नव्या सरकारने उत्तरेच्या वेशीवर भिस्त ठेवली नाही. स्थानकाजवळ डायोक्लिशनच्या स्नानगृहांच्या जुन्या अर्धवर्तुळाच्या रेषेवरच वास्तुकार गाएतानो कोखने कमानींच्या दोन वळणदार इमारती उभ्या केल्या, आणि त्यांच्यामधून नाझिओनाले हा रुंद, सरळ रस्ता गाडीतून उतरलेल्या पाहुण्याला शहराकडे घेऊन जाऊ लागला.