लाटा आणि सांधे

ओहोटीच्या वेळी अलिबागेहून पायी कुलाबा किल्ल्यास जाणाऱ्या प्रवाशाचे लक्ष गणपतीच्या देवळाकडे आणि तोफांकडे असते. तटाच्या दगडांमधील फटी तो क्वचितच न्याहाळतो. १६८० साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधावयास घेतलेल्या या तटाचे प्रचंड चिरे चुन्याने सांधलेलेच नाहीत. एकावर एक नुसते रचलेले आहेत. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर पुष्कळसा तेथेच जिरतो.

मुरूडसमोरील पद्मदुर्गाची गोष्ट याहूनही विलक्षण होय. जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्याकरिता १६७५ च्या सुमारास कांसा बेटावर याचे काम चालू होते. येथे दगड चुन्यात बसविले आहेत. आणि खाऱ्या वाऱ्याने व लाटांनी दगड झिजून आत गेले असता चुन्याचे सांधे मात्र मधमाश्यांच्या पोळ्याच्या कडांप्रमाणे बाहेर उभे आहेत! त्या चुन्याविषयी आख्यायिका पुष्कळ ऐकू येतात. त्या मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. समुद्राने सुमारे साडेतीनशे वर्षे घेतलेली परीक्षा पुरेशी आहे.

पोलादी बांधकामास मात्र एवढी सवड मिळत नाही. १९७४ साली मुंबई हाय येथे तेल सापडले आणि पुढे भरसमुद्रात पोलादी नळ्या वेल्डिंगने सांधून मंच उभारण्यात आले. तेथील तेल समुद्रतळाच्या नळांतून याच जिल्ह्यातील उरणला येते. अशा सांध्यास एखाद्या प्रचंड लाटेइतकेच लहान लाटांच्या अखंड माऱ्याचे भय असते. सहा सेकंदांस एक लाट धरली तरी वर्षाकाठी पन्नास लाखांवर लाटा होतात. प्रत्येकीगणिक ताण चढतो, उतरतो, आणि जोडाच्या कडेस पडलेली केसाएवढी चीर वाढत जाते. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा तरंगता मंच उलटून १२३ माणसे मृत्यू पावली. त्या अनर्थाचे मूळ एका उपकरणाच्या क्षुल्लक आधाराच्या वेल्डिंगपाशी सापडले.

म्हणून हल्ली प्रयोगशाळेत तेलाच्या दाबाने चालणाऱ्या दट्ट्यांनी असे सांधे ओढतात व दाबतात. एकाच मापाचे धक्के देऊन भागत नाही. समुद्रातील नोंदींवरून लहानमोठ्या लाटांचा बेशिस्त क्रम जुळवावा लागतो. कोरड्या हवेत हा क्रम भरभर फिरविता येतो. सांधा खाऱ्या पाण्यात ठेवला की मात्र घाई चालत नाही. गंज चढावयास वेळ लागतो, आणि त्यास तो न दिला तर सांधा आहे त्याहून बळकट भासतो. तेव्हा तेथे यंत्रासही पाचसहा सेकंदांस एक लाट या समुद्राच्याच चालीने महिनोन्‌महिने चालावे लागते.