चित्रपटातील संवादांची श्राव्यता : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

‘चित्रपट पाहिला, पण संवाद कळले नाहीत’ ही तक्रार आजच्या प्रेक्षकाची असली, तरी तिचे मूळ ध्वनितंत्राच्या इतिहासात शोधावे लागते. जुन्या चित्रपटांतील संवादांची सुस्पष्टता हा केवळ कलागुण नव्हता. बऱ्याच अंशी ती तंत्राच्या मर्यादेची देणगी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला. त्याचे ध्वनिमुद्रण चित्रीकरणासोबतच झाले होते. स्टुडिओलगतच्या रेल्वेगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी बरेचसे काम रात्री करावे लागले. फिल्मच्या कडेवरील ध्वनिपट्टीची क्षमताही तोकडी होती. तीत हलका आवाज खरखरीत बुडे, मोठा आवाज फाटे. साहजिकच शब्द ठसठशीत उच्चारणे नटांना भाग होते. पुढे वजनाला हलके, पण घरघरणारे अ‍ॅरीफ्लेक्स कॅमेरे आले आणि १९६०च्या दशकापासून हिंदी चित्रपटांत डबिंग रूढ होत गेले. अभिनयातील उत्स्फूर्तता त्यात काहीशी हरपली, हे खरे. परंतु बंद खोलीत मायक्रोफोनसमोर उच्चारलेला शब्द प्रेक्षकापर्यंत पोहोचत असे.

ही चौकट दोन बाजूंनी मोडली. अमेरिकेत १९७७च्या ‘स्टार वॉर्स’ने डॉल्बी स्टिरिओला प्रतिष्ठा मिळवून दिली, तर १९९२मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’द्वारे डॉल्बी डिजिटल आले. कुजबुज आणि स्फोट यांतील अंतर आता पुष्कळच वाढवता येऊ लागले. प्रेक्षक आवाजाने त्रासले की चित्रपटगृहाचे चालक ध्वनिपातळी खाली आणत. स्फोट सुसह्य होई, कुजबुज मात्र नाहीशी होई. आपल्याकडे ‘लगान’नंतर (२००१) चित्रीकरणस्थळीच संवाद मुद्रित करण्याची पद्धत हिंदीत पुन्हा रुजली. स्वाभाविक, पुटपुटत्या बोलण्याला त्यामुळे वाव मिळाला.

‘इंटरस्टेलर’विषयी (२०१४) अशा तक्रारी आल्या, तेव्हा दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन यांनी तो हेतुपुरस्सर केलेला प्रयोग असल्याचे सांगितले. ‘टेनेट’च्या वेळी (२०२०) त्याच तक्रारी पुन्हा उमटल्या. म्हणजे जे पूर्वी यंत्र ठरवीत असे, ते आता दिग्दर्शक ठरवतो. तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला मात्र त्यात मत नाही.

घरी तर परिस्थिती अधिकच बिकट होते. चित्रपटगृहात संवाद मुख्यतः पडद्यामागील मधल्या स्पीकरमधून येतात. दूरचित्रवाणी संचाच्या दोन लहान स्पीकरांत ते संगीताशी झगडतात. प्रस्तुत लेखकाचे विद्यार्थी मराठी चित्रपटही उपशीर्षके लावून पाहतात आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नाही.