एका नियंत्रण-केंद्राची कथा

१४ ऑक्टोबर १९९६ रोजीं ट्यूबिंगेन येथील माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें स्वयंसेवकांना हांक दिली. युनिक्स संगणकावर प्रत्येक प्रोग्रामचें वळण निराळें. सामान्य माणसास तें सुसह्य व्हावें, हा हेतु. त्यांतून ‘केडीई’ जन्मास आलें व १९९८ च्या जुलैंत त्याची पहिली आवृत्ति निघाली.

माउस, रंग, अक्षरवळण यांची व्यवस्था ‘के-कंट्रोल’ या एका खिडकींत होती. परंतु तिच्यामागें निरनिराळे स्वतंत्र प्रोग्राम असत. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांच्या जागीं एकाच सांच्याचे लहान घटक आले. आतां दूरदेशींचा स्वयंसेवक इतरांच्या कामास धक्का न लावतां आपला एक घटक रचूं शके. घटकाचे मुख्य धर्म तीन: चालू मांडणी वाचणें, नवी जतन करणें आणि मूळची परत आणणें.

२००८ सालीं के-कंट्रोलच्या जागीं ‘सिस्टिम सेटिंग्ज’ आलें. घर बदललें, घटकांची रीत टिकली. मला तिसरा धर्म सर्वांत मोलाचा वाटतो. परतीची वाट मोकळी आहे हें ठाऊक असलें, म्हणजे नवखा माणूसहि यंत्रास हात लावावयास भीत नाहीं. आणि शिकण्याचा आरंभ तेथूनच होतो.