दाभोळची वाट

शृंगारतळी मागे पडली आणि रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मध्येच एखादं कौलारू घर आणि पुढे नुसतंच रान. शेवटच्या उतारावर अम्मी म्हणाली, "आगे तो रस्ताच नै दिखता रे. पानी दिखता." खरंच होतं. धोपाव्याला रस्ता पाण्यात संपतो. समोर वाशिष्ठीची खाडी पसरलेली आणि पलीकडच्या काठावर, माडांच्या वर डोकं काढून उभा असलेला एक घुमट. त्यासाठीच आम्ही पहाटे फजरनंतर कऱ्हाडहून निघालो होतो.

फेरीबोट पलीकडे होती. ती येईपर्यंत गाडी रांगेत लावून बसलो. मागच्या गाडीतल्या मुंबईकर पाहुण्याने मला विचारलं, "एन्रॉनचं दाभोळ ते हेच का?" नाही. एन्रॉनच्या प्रकल्पाला दाभोळचं नाव मिळालं, पण तो उभा राहिला खाडीच्या या बाजूला, अंजनवेलकडे, गुहागर तालुक्यात. दाभोळ दापोली तालुक्यातलं. गावाचं नाव जगभर गाजलं तेही अशा गोष्टीसाठी की जी गावात नव्हतीच.

आज आपण दाभोळला "आडबाजूचं" म्हणतो, कारण आपण जमिनीवरून येतो. पंधराव्या शतकातल्या माणसाला हे ऐकून हसू आलं असतं. त्याच्यासाठी दाभोळ म्हणजे दख्खनचा पुढचा दरवाजा होता. इराणच्या गिलानहून निघालेला महमूद गवान १४५३ च्या सुमारास जहाजातून उतरला तो दाभोळलाच. पुढे तो बिदरला गेला, बहमनी सल्तनतीचा वजीर झाला, मदरसा बांधला. ते सगळं आपण शाळेत शिकवतो. पण तो आला कुठल्या वाटेने, हे पुस्तकात नसतं. त्यानंतर वीसेक वर्षांनी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी दख्खन हिंडून झाल्यावर मायदेशी जायला होर्मुझचं जहाज शोधत आला, तोही दाभोळलाच. इथे घोड्यांचा मोठा व्यापार चालतो, असं त्याने नोंदवून ठेवलंय. माल खाडीतून होड्यांनी चिपळूणकडे जाई. तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला आणि पुढे विजापूरला. म्हणजे सकाळपासून आम्ही जो घाट उतरत होतो, तो मुळात चढणीचा रस्ता. आम्ही तो उलटा वाचत होतो.

फेरी आली. गाडी चढवताना अम्मीने डोळे मिटून दुआ म्हटली. जेमतेम काही मिनिटांचं पाणी, पण तिच्या आयुष्यातला हा पहिला जलप्रवास होता. हे मला तेव्हा कळलं आणि जरा लाज वाटली.

मशीद खाडीच्या अगदी जवळ आहे. काळ्या दगडाची, विजापुरी धाटणीची, चार कोपऱ्यांना मिनार, मधोमध भरदार घुमट. कोणी तिला शाही मशीद म्हणतं, कोणी अंडा मशीद, कोणी मांसाहेबाची मशीद. हे शेवटचं नाव ज्या गोष्टीतून आलं, ती १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये इंग्रजांनी ऐकीव म्हणून लिहून ठेवली आहे. विजापूरची शहजादी आएशा बीबी १६५९ साली मोठा लवाजमा घेऊन हजसाठी दाभोळला आली. समुद्रात चाचे माजले होते. जहाज निघेना. तेव्हा सोबतच्या काझी-मौलवींनी सल्ला दिला की जवळचा पैसा धर्मकार्यात लावावा. आणि सफरीसाठी आणलेल्या पंधरा लाखांतून ही मशीद उभी राहिली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, इतिहास नाही. पण गोष्ट ऐकली की तिची तारीख तपासायची खोड आहे. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला आणि पुढच्या काही आठवड्यांत शिवाजी महाराजांच्या फौजेने दाभोळ घेतलं. अशा धामधुमीत विजापूरच्या शहजादीने इथे तळ ठोकून चार-चार वर्षं बांधकाम करून घ्यावं, हे जुळत नाही. एकतर साल चुकलंय, नाहीतर शहजादी. आणखी एक सांगतो. एका गृहस्थांनी मला ठासून सांगितलं होतं की शहजादीला मराठ्यांनी अडवलं. त्या जुन्या नोंदीत असं काही नाही. तिथे चाचे आहेत, आणि तेही कुठले ते सांगितलेलं नाही. आपल्या आजच्या भांडणाला सोयीचा आरोपी तीनशे साठ वर्षांमागे जाऊन शोधायचा, ही सवय दोन्हीकडे आहे. आपल्याकडेही आहे.

मग गोष्ट खोटी का? तारखेपुरती असेल. पण तिच्यातली भीती खोटी नाही. दाभोळने ती पाहिली होती. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाने हे शहर जाळलं. त्याच वर्षी चौलच्या लढाईत त्याचा मुलगा मारला गेला होता. त्याचा राग दाभोळवर निघाला. बायका-पोरंही सुटली नाहीत. फिरंग्यांचा दाभोळवर पडला तसा कोप तुझ्यावर पडो, असा शाप पुढे लोकांच्या तोंडी होता, आणि हे पोर्तुगीजांच्याच लेखकांनी नोंदवलं आहे.

त्यानंतर शंभरेक वर्षं अरबी समुद्रातून जायचं तर पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घ्यावा लागे. विजापूरच्या जहाजांनाही आणि हाजींच्या जहाजांनाही. अकबराच्या दरबारातला बदायुनी लिहितो की मखदूम-उल-मुल्कने त्या काळी हज फर्ज राहिली नाही, असा फतवा दिला होता. कारण काय, तर खुश्कीच्या वाटेवर इराणचे शिया आणि समुद्राच्या वाटेवर फिरंग्यांचे परवाने, ज्यांवर मरियम आणि ईसा यांची चित्रं छापलेली. बदायुनी हे कौतुकाने सांगत नाही. मलाही त्या मुफ्तींचं कौतुक नाही. पण फतव्याच्या मुळाशी असलेला मुद्दा आपल्या फिकहमधला जुनाच आहे: ऐपतीत पैसा येतो, तब्येत येते, आणि वाटेचा अमनही येतो. वाट सुरक्षित नसेल तर माणूस गुन्हेगार ठरत नाही.

आणि खुद्द बादशहाच्या घरच्यांना तरी वाट कुठे मोकळी होती? अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. परवान्याच्या घोळात सुरतेला जवळजवळ वर्ष गेलं. ती परतली १५८२ ला. पुढे १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं 'रहीमी' हे जहाज, परवाना असतानाही, पोर्तुगीजांनी सुरतेजवळ धरलं.

हे सगळं मी अम्मीला मशिदीच्या पायऱ्यांवर बसून सांगत होतो. ती ऐकत होती की नव्हती, कोण जाणे. तिने एकच विचारलं, "कित्ते पैसे बोला तू?" पंधरा लाख, मी म्हणालो. "हमारे तो वापस आए थे," ती म्हणाली.

हे वाचकांना सांगायला हवं. २०२० साली अब्बा आणि अम्मीचं नाव हजच्या कुऱ्यात लागलं होतं. त्याआधी तीन वेळा हुकलं होतं. अब्बांनी एहरामचं कापड घेऊन ठेवलं, रोज संध्याकाळी चालायचा सराव सुरू केला. मग कोरोना आला. त्या वर्षी बाहेरच्या कुठल्याच देशातून हाजी गेले नाहीत. भरलेले पैसे पूर्ण परत मिळाले. पुढच्या वर्षीही वाट बंदच होती, आणि त्या वर्षाच्या पावसाळ्यात अब्बा गेले. एहरामचं कापड अजून कपाटात आहे. परत आलेल्या पैशांना अम्मीने हात लावलेला नाही, आणि फॉर्मचा विषय काढला की ती गुडघ्यांचं कारण सांगते.

लहानपणी मी आएशा बीबीची गोष्ट ऐकली तेव्हा मला ती मशिदीची गोष्ट वाटली होती. आता ती मला खाडीच्या काठावर बसलेल्या बाईची गोष्ट वाटते. सामान बांधलेलं, नियत केलेली, आणि समोर पाणी.

पण त्याच काळातली दुसरी एक बाईही मला ठाऊक आहे, आणि ती दंतकथा नाही. खदीजा सुलतान, म्हणजेच बडी साहेबा. गोवळकोंड्याची शहजादी, विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाची बेगम. नवरा आजारी असताना आणि त्याच्यामागेही कारभार हिनेच पाहिला. आमच्या उर्दूवाल्यांना ती वेगळ्या कारणाने माहीत असते: रुस्तमीने १६४९ मध्ये 'खावरनामा' दखनीत आणला तो तिच्या सांगण्यावरून. आमच्या घरात बोलली जाते त्या भाषेतल्या इतक्या जुन्या आणि इतक्या मोठ्या काव्याची आश्रयदाती एक बाई होती, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. तर ही बडी साहेबा १६६१ च्या सुमारास, डच कंपनीच्या जहाजातून, खरोखर मक्केला गेली. विजापूर अडचणीत होतं, समुद्र तोच होता, चाचेही तेच. तिने पाहिलं की कोणाची जहाजं सध्या समुद्रात टिकून आहेत, आणि त्यांच्याशी बोलणं केलं. डच काही दीनदार लोक नव्हते. व्यापारी होते.

'मांसाहेब' आणि 'बडी साहेबा' यांची लोकांच्या आठवणीत कुठे सरमिसळ झाली असेल का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. पुरावा नाही, म्हणून पुढे रेटत नाही. पण लोकांनी जपून ठेवली ती अडलेल्या बाईची गोष्ट. गेलेल्या बाईची नाही. हे मात्र मला खटकतं.

जोहरची नमाज झाल्यावर थोडा वेळ बंदराकडे फिरलो. मुंबईची आगबोट इथे थांबायची, त्या दिवसांत दाभोळहून मुंबई गाठणं सोपं होतं. गावातली कितीतरी माणसं जहाजावर नोकरीला होती. डांबरी रस्ते आले आणि आगबोट बंद झाली तसं गाव टोकाला गेलं.

परतीच्या फेरीत अम्मी गाडीतून उतरून कठड्याला धरून उभी राहिली. घुमट हळूहळू माडांत बुडत होता.

"वो दूसरी कौन बोला तू? जो गई?"

"खदीजा."

"खदीजा," ती पुन्हा म्हणाली. मग धोपाव्याचा धक्का येईपर्यंत काही बोलली नाही. गाडी वर चढली, शृंगारतळी आली, चहासाठी थांबलो. तिथे तिने विचारलं की हजचे फॉर्म आजकाल मोबाइलवरच भरायचे असतात का.