फवारणीतील विषबाधा

फवारणीतील विषबाधा : पिकावर कीटकनाशक मारताना ते कातडी, श्वास, डोळे किंवा तोंडावाटे अंगात जाऊन होणारा विकार. महाराष्ट्रात त्याची सर्वांत मोठी नोंद २०१७ च्या खरिपातली, यवतमाळ जिल्ह्यातली. जुलै ते ऑक्टोबर या काळात तेथे २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि ८०० हून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले.

त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती. एरवी खाली वाकून मारायचे औषध हात वर करून मारावे लागले, आणि फवारा तोंडावर, छातीवर उतरला. बोंडअळीच्या धास्तीने दोन-तीन औषधे एकाच टाकीत मिसळली जात होती. दाबाने बारीक तुषार उडवणारे नवे पंपही आले होते. दोष मात्र आधी मजुराच्याच माथी गेला : मास्क का लावला नाही? दमट उकाड्यात गमबूट, हातमोजे, चष्मा चढवून पाठीवर भरलेला पंप दिवसभर वाहणे हे असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा करून पाहण्यासारखे आहे. पंप पाठीवर गळतो, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकले जाते, आणि ते भिजलेले कपडे घरी बाईच्या हाती धुवायला जातात. मराठवाड्यात, बीडच्या नारायणगड परिसरासारख्या कोरडवाहू भागातही कपाशी-सोयाबीनची फवारणी बहुधा याच रीतीने होते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे मज्जातंतूंचे संदेश आवरणारे कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. मग दरदरून घाम, तोंडाला लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, धाप. अ‍ॅट्रोपिन हा मुख्य उपचार. फसवी अवस्था पुढे येते : रुग्ण सावरल्यासारखा वाटतो आणि एक ते चार दिवसांत त्याला मान उचलवत नाही, श्वासाचे स्नायूही थकतात. म्हणून लवकर घरी सोडणे धोक्याचे. डायफेन्थियुरॉन या दुसऱ्या कीटकनाशकावर तर खास उतारा नाही.

शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. कायदा जुनाच आहे : १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या धान्यपिठाने शंभरावर माणसे मेली, त्यानंतर १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला. त्यामुळे डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. खालची सूचना मात्र इतक्या बारीक अक्षरांत छापलेली असते, की बांधावर ती वाचता येत नाही.

२०२१ मध्ये यवतमाळच्या दोन शेतकऱ्यांच्या विधवा व एक वाचलेला शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधील बाझलच्या न्यायालयात सिंजेंटा या कीटकनाशक कंपनीविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला. आपल्या उत्पादनामुळे ही विषबाधा झाल्याचे कंपनीने नाकारले. २०२३ मध्ये केंद्राने मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के एसएल प्रकाराची नोंदणी रद्द केली. उरलेला साठा संपवायला एक वर्षाची मुदत दिली.