शोलापूर गिरणीचे अग्रहक्क भाग आणि भांडवलाच्या परतफेडीचा प्रश्न

करकंब व पंढरपूर परिसरातील ऊस उत्पादकाला ‘शेअर’ हा शब्द परिचित झाला तो प्रामुख्याने सहकारी साखर कारखान्यामुळे. कारखान्याच्या ताळेबंदात सभासदांच्या भागांबरोबर अनेकदा शासकीय भागभांडवलही दिसते. ते कालांतराने शासनास परत करावयाचे असते. तथापि त्याची नोंद भांडवलाखालीच होते. जे परत द्यावयाचे ते भांडवल की कर्ज? वरकरणी हा हिशेबनिसाचा प्रश्न वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी मालकी आणि अधिकार यांचा प्रश्न आहे. सोलापूर शहरात १९५० मध्ये तो उलट दिशेने उपस्थित झाला. तेथे वाद पैसे परत करण्याचा नव्हता, भागधारकाकडून आणखी पैसे मागण्याचा होता.

शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी म्हणजे सोलापूरकरांची ‘जुनी मिल’. कंपनीचे अधिकृत भांडवल ४८ लाख रुपये व वसूल भांडवल ३२ लाख रुपये होते. यांपैकी १६ लाख रुपये पूर्ण भरणा झालेल्या सामान्य भागांचे होते. उर्वरित १६ लाख रुपये ३२,००० संचयी अग्रहक्क भागांवर जमा झाले होते. या प्रत्येक भागाची दर्शनी किंमत १०० रुपये होती व त्यावर केवळ ५० रुपये भरलेले होते. म्हणजेच आणखी १६ लाख रुपये भागधारकांकडून मागवता येण्याजोगे होते. ही रक्कम वसूल भांडवलात नव्हती, तिजोरीतही नव्हती. होते ते केवळ भागधारकाचे दायित्व.

ऑगस्ट १९४९ मध्ये गिरणी बंद पडली व हजारो कामगारांचा रोजगार गेला. केंद्र सरकारने ९ जानेवारी १९५० रोजी अध्यादेश काढून गिरणीचे व्यवस्थापन हाती घेतले. एप्रिलमध्ये त्याची जागा अधिनियमाने घेतली. जुने संचालक व व्यवस्थापकीय अभिकर्ते दूर झाले, शासननियुक्त संचालक आले. भागधारकांचा संचालक निवडण्याचा अधिकार संपला आणि शासनाच्या संमतीवाचून त्यांचे ठराव निष्प्रभ ठरले. गिरणी पुन्हा चालवावयाची तर पैसा हवा होता. नव्या संचालकांनी फेब्रुवारी १९५० मध्ये प्रत्येक अग्रहक्क भागावर उरलेल्या ५० रुपयांची मागणी केली.

हिशेबाच्या दृष्टीने ही नोंद अगदी साधी आहे. मागणी खाते नावे, अग्रहक्क भागभांडवल खाते जमा. परंतु मागणी करणाऱ्यालाच तो अधिकार नसेल, तर नोंदीला आधार कोणता? द्वारकादास श्रीनिवास या अग्रहक्क भागधारकाने मुंबई उच्च न्यायालयात नेमका हाच आक्षेप घेतला. तेथे त्यांना यश मिळाले नाही. दरम्यान याच कायद्याविरुद्ध चिरंजितलाल चौधरी या दुसऱ्या भागधारकाने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ४ डिसेंबर १९५० रोजी बहुमताने फेटाळला होता. कंपनीची मालमत्ता ही भागधारकाची मालमत्ता नव्हे, हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते.

द्वारकादास यांची स्थिती निराळी होती. त्यांच्या स्वतःच्या खिशातून पैसे मागितले जात होते, आणि त्यामुळेच ज्या कायद्याच्या बळावर ते मागितले जात होते त्यालाच आव्हान देण्याचा हक्क त्यांना मिळाला. १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. नुकसानभरपाई न देता कंपनीला तिच्या मालमत्तेपासून वस्तुतः वंचित केले गेले आहे, असे ठरले आणि ५० रुपयांच्या मागणीचा आधारच गेला. कामगारांच्या दृष्टीने हा निकाल सुखद म्हणता येणार नाही. पुढे १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने अशा मर्यादित काळाच्या व्यवस्थापन-ग्रहणाला संरक्षण दिले.

परतफेडयोग्य अग्रहक्क भागांचा इतिहास याच्याशी समांतर जातो. भारतीय कंपनी कायद्यात त्यांना १९३६ च्या दुरुस्तीने स्थान मिळाले. १९५६ च्या अधिनियमातील कलम ८० ने अट घातली की पूर्ण भरणा झालेल्या भागांचीच परतफेड व्हावी, आणि तीही लाभांशास उपलब्ध असलेल्या नफ्यातून किंवा नव्या भागविक्रीच्या रकमेतून. नफ्यातून केल्यास तेवढी रक्कम भांडवल परतफेड राखीव निधीत वर्ग करणे आवश्यक ठरले. भांडवल गेले तरी त्याची जागा रिकामी राहू नये, हा धनकोंच्या संरक्षणाचा हेतू त्यामागे होता. १९८८ पासून अपरतफेडीचे अग्रहक्क भाग काढण्यासच बंदी आली. २०१३ च्या अधिनियमातील कलम ५५ ने, पायाभूत प्रकल्पांचा अपवाद वगळता, २० वर्षांची कमाल मुदत कायम ठेवली.

ताळेबंदातील जागा मात्र २०१६ नंतर बदलली, तीही सर्वत्र नव्हे. ‘इंड एएस ३२’ हे लेखामानक ज्या कंपन्यांना लागू झाले, तेथे ठरलेल्या मुदतीस सक्तीने परत करावयाच्या अग्रहक्क भागांची नोंद वित्तीय दायित्व म्हणून होऊ लागली. अशा दायित्वावरील लाभांशही व्याजाप्रमाणे खर्चात धरला जातो. जुनी लेखामानके पाळणाऱ्या कंपनीत तेच भाग भागभांडवलातच राहतात. एकाच स्वरूपाचे भाग घेतलेल्या गुंतवणूकदाराला म्हणूनच दोन ताळेबंद दोन भिन्न उत्तरे देतात.

कायद्याचे उत्तर तिसरेच आहे. लेख्यांत दायित्व दिसले तरी अग्रहक्क भागधारक कंपनीचा धनको ठरत नाही. मुदतीस परतफेड न झाल्यास कलम ५५ अन्वये, तीन-चतुर्थांश मूल्याच्या धारकांची संमती व न्यायाधिकरणाची मान्यता घेऊन, कंपनी जुन्या भागांच्या बदली नवे परतफेडयोग्य भाग देऊ शकते. संमती न देणाऱ्यांच्या भागांची परतफेड मात्र तत्काळ करण्याचा आदेश न्यायाधिकरणाने द्यावा, अशी तरतूद त्याच कलमात आहे.