कामगारांचा शिक्षक कामगारच

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने उत्तरेस निघाले की थोड्याच अंतरावर सिलतरा लागते. एके काळचे हे साधे खेडे आज स्पंज आयर्नच्या भट्ट्यांनी आणि धुराड्यांनी वेढलेले आहे. येथील पुष्कळसे कामगार ठेकेदाराच्या हजेरीवर राबतात. भट्टीच्या धगीला न भिणारा असा मनुष्य पगारातून भविष्यनिर्वाह निधीचे किती कापले, जादा कामाचा दर कोणता लावला, हे मुनशीला विचारताना मात्र चाचरतो. हे भय दारिद्र्याचे आहे, तसेच अज्ञानाचेही आहे. आणि ते घालवण्याच्या प्रयत्नांना आपल्या देशात बराच जुना इतिहास आहे.

त्याचा आरंभ मराठी माणसाने केला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी प्रथम रेल्वे व टपाल खात्यात नोकरी केली, नंतर मांडवीच्या गिरणीत ते कोठारपाल झाले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, ठरावीक तारखेच्या आत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. आजवर जी चाळीतली कुरकुर होती, तिला कलमवार मागणीचे रूप आले. एप्रिल १८९० च्या विराट सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाची जबाबदारी शासनाने उचलली. १९५७ मध्ये देशी व परदेशी तज्ज्ञांच्या मंडळाने या प्रश्नाचा विचार केला आणि १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नागपूरला ठेवण्यात आले. १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार ज्या राजधानीतून चाले, तेच हे नागपूर. पुढे आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांचे नाव या मंडळास देण्यात आले.

मंडळाच्या योजनेचे मर्म तिच्या तीन पायऱ्यांत होते. मंडळ शिक्षणाधिकारी तयार करी. ते अधिकारी कामगारांतून निवडलेल्या कामगार-शिक्षकांना शिकवत. आणि हे शिक्षक आपल्याच कारखान्यात परत जाऊन सोबत्यांचे वर्ग घेत. कायदा, वेतन, सुरक्षितता, संघटनेचा कारभार असे विषय असत. साहेबाने सांगितलेला कायदा हुकूम वाटतो. शेजारच्या यंत्रावरील सोबत्याने उलगडला, की तो आपला वाटू लागतो. ज्याला चार सोबत्यांपुढे उभे राहून बोलता आले, त्याला व्यवस्थापकापुढेही बोलता येते.

तथापि आरंभी या योजनेचा भर संघटित उद्योगांवर होता. ठेक्यावरच्या मजुराला आपली वाट स्वतःच काढावी लागली. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ मध्ये ठेक्यावरच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा केला. त्याच वर्षी जूनमध्ये गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. पण संघ खचला नाही. त्याने शाळा चालवल्या आणि १९८३ मध्ये शहीद रुग्णालय सुरू केले. खाणीच्या यांत्रिकीकरणाने रोजगार जाण्याची वेळ आली, तेव्हा केवळ विरोध न करता अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. अंगठा उठवणाऱ्या मजुरांची संघटना खाणीच्या तंत्राविषयी युक्तिवाद करते, याहून शिक्षणाची वेगळी परीक्षा कोणती? २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत नियोगींची हत्या झाली. परंतु बोलायला शिकलेली माणसे पुन्हा मुकी होत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या एकोणतीस कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे. परंतु जे पत्र मागावे हेच ठाऊक नाही, ते सिलतऱ्याच्या भट्टीपर्यंत आपोआप पोहोचणार नाही. जुने शिकलेल्यांनाही आता नव्याने शिकावे लागेल, आणि ठेक्यावरच्या कामगाराला तर कदाचित प्रथमच. आपणांपैकी पुष्कळजण शासनाच्या कचेऱ्यांत बसतो. उद्या असा एखादा कामगार खिडकीशी येऊन कायद्याचे कलम सांगून प्रश्न विचारील. तो उद्धटपणा नव्हे. साडेपाच हजार सह्यांनी सुरू झालेल्या शिक्षणाचे ते फळ आहे, हे ओळखण्याइतके शिक्षण आपणही घ्यावयास हवे.